थ्रीडी प्रिंटिंग: यंत्र एक नव्हे, घराणी सात

थ्रीडी प्रिंटर म्हटलं की डोळ्यांपुढे टेबलावरचं छोटं यंत्र आणि त्यातून निघणारा प्लास्टिकचा धागा येतो. ते सगळीकडे दिसतं, म्हणून तेवढंच खरं वाटतं. कारखान्यात या साऱ्याला 'अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग' म्हणतात. ठोकळा कापून, तासून वस्तू काढण्याऐवजी हवं तिथेच साहित्य घालत ती उभी करायची. त्याबद्दलचे बरेचसे गैरसमज एकाच पद्धतीचे गुणदोष सगळ्यांना चिकटवल्यामुळे झाले आहेत.

गैरसमज: सगळे प्रिंटर एकाच तत्त्वावर चालतात.

वस्तुस्थिती: आयएसओ/एएसटीएम ५२९०० हे आंतरराष्ट्रीय मानक सात गट मानतं. घरगुती यंत्रात बहुधा १.७५ मिलिमीटर जाडीचा धागा तापलेल्या नोझलमधून वितळून बाहेर पडतो. दुसऱ्या गटात टाकीतलं द्रव रेझिन प्रकाश पडेल तिथेच घट्ट होतं. तिसऱ्यात पावडरीचा पातळ थर पसरायचा, लेसर किंवा इलेक्ट्रॉन झोताने नेमका भाग वितळवायचा, वर पुन्हा पावडर. चौथ्यात पावडरीवर उष्णतेऐवजी चिकटद्रव्य फवारतात. पाचव्यात साहित्याचेच थेंब पडतात. सहाव्यात धातूची तार किंवा पावडर लेसरच्या झोतात सोडतात. झिजलेल्या भागांची डागडुजीही याच पद्धतीने होते. सातव्यात पत्रे किंवा कागद एकावर एक जोडून आकार कापतात.

गैरसमज: हे तंत्र परवापरवा आलं.

वस्तुस्थिती: जपानमधल्या नागोयाच्या हिदेओ कोडामा यांनी प्रकाशाने रेझिन घट्ट करून थर रचण्याची पद्धत १९८१ साली प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या चक हल यांना अशाच पद्धतीचं पेटंट १९८६ मध्ये मिळालं. धागा वितळवण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं. त्यानंतर ती यंत्रं झपाट्याने स्वस्त होत घरांत आणि शाळांत पोचली. नवं आहे ते तंत्र नव्हे, त्याची स्वस्ताई.

गैरसमज: छापलेली वस्तू दिखाऊ, ताकदीची नाही.

वस्तुस्थिती: यात थोडं तथ्य आहे. धाग्याच्या पद्धतीत दोन थरांमधला जोड कच्चा राहतो. त्या दिशेने ओढ बसली की वस्तू तिथेच तुटते. पण पावडर आणि लेसरच्या पद्धतीत धातू पूर्ण वितळून खालच्या थराशी एकजीव होतो. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं पीएस-४ इंजिन असं छापून ६६५ सेकंद चालवून दाखवलं. पूर्वी त्याचे १४ भाग होते, आता एकच सलग तुकडा. वेल्डिंगचे १९ जोड गेले. जुन्या पद्धतीत ५६५ किलो कच्चा धातू लागे, तिथे १३.७ किलो पावडर पुरली. उत्पादनाचा वेळ ६० टक्क्यांनी घटला. जिथे जोडच उरला नाही, तिथे जोड निसटण्याची भीतीही उरत नाही.

गैरसमज: बटण दाबलं की वस्तू तयार.

वस्तुस्थिती: खरं काम पुष्कळदा छपाईनंतरच सुरू होतं. रेझिनची वस्तू धुऊन पुन्हा अतिनील प्रकाशात पक्की करावी लागते. धातूच्या भागातला अंतर्गत ताण भट्टीत काढायचा, मग तो तळपट्टीवरून वायरकटने सोडवायचा, आधाराचे खांब तोडायचे, आणि बेअरिंग बसायच्या जागी नेहमीचं मशीनिंग करायचंच. कोटेशनमध्ये हा खर्च धरला नाही तर हिशेब चुकतो.

गैरसमज: आता साचे आणि ओतकाम मोडीत निघणार.

वस्तुस्थिती: एकसारखी लाखभर झाकणं हवी असतील तर इंजेक्शन मोल्डिंगच परवडतं. छपाईचा फायदा प्रत्येक नग वेगळा असतो तिथे. दात सरळ करणारे पारदर्शक अलाइनर बहुतेक वेळा असे बनतात: रुग्णाच्या दातांचा साचा छापायचा आणि त्यावर प्लास्टिकचा तापवलेला पत्रा ओढून बसवायचा. म्हणजे छपाईने साच्याला हटवलं नाही, दर माणसागणिक नवा साचा परवडेल अशी सोय केली.

तेव्हा एखादा भाग छापून घ्यायचा असेल, तर 'थ्रीडी प्रिंट करून द्या' एवढंच सांगून थांबू नका. पद्धत कोणती, साहित्य कोणतं, थर कोणत्या दिशेने आणि नंतरचं काम कोण करणार, हे चार प्रश्न आधी विचारा. किंमत आणि टिकाऊपणा त्यांच्याच उत्तरांवर ठरतो.