दोनशेच्या टिपाडात दोनशे लिटर पाणी?

शेण-गोमूत्र आंबवून पिकासाठी करतात त्या जीवामृताची कृती वऱ्हाडात आता अनेकांना तोंडपाठ आहे. ती घरोघरी पोचवणारे सुभाष पाळेकर इथलेच, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकराला २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. देशी गाय की जर्सी, यावर पारावर तासभर वाद चालतो. हे सगळं ज्यात आंबवायचं ते टिपाड केवढं असावं, हे मात्र कोणी विचारत नाही.

कृती २०० लिटरची, म्हणून टिपाडही २०० लिटरचं, हा सर्वांत मोठा गैरसमज. साधी बेरीज करून पाहा. पाणी २००, गोमूत्र १०, शेणाची जागा जवळपास १०, वर गूळ-बेसनाचे दोन-तीन लिटर. झाले की २२० च्या वर! शिवाय गुळावर जिवाणू तुटून पडले की वायू सुटतो, फेस चढतो आणि ढवळताना हिंदकळतं ते वेगळंच. म्हणून टिपाडाचा पाचवा-सहावा हिस्सा रिकामा हवा. २०० लिटरच्या टिपाडात १५० लिटर पाणी घ्या. शेण आणि गोमूत्र साडेसात-साडेसात, गूळ आणि बेसन दीड-दीड किलो. एकूण भरतं १६७ लिटरच्या आसपास. पूर्ण एकराचा घाणा एकदम हवा असेल, तर दोन टिपाडांत निम्मा-निम्मा लावावा.

दुसरा समज झाकणाचा. घरी द्राक्षाची वाईन लावणारे भांड्याच्या तोंडाला पाण्याचा सापळा बसवतात, कारण तिथे बाहेरची हवा नको असते. इथे उलट आहे. जीवामृताला हवा लागते, म्हणून तर सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. वर पोतं टाकलं की पुरे. झाकण गच्च आवळलं तर वायू कोंडतो आणि आतलं सडायला लागतं. काठी उजवीकडून फिरवावी असं सांगतात. माझ्या मते दिशेपेक्षा काठी तळाला टेकते का, हे आधी पाहावं.

याच कारणाने पाच एकरांसाठी हजार लिटरची उभी, अरुंद तोंडाची टाकी घेणं मला पटत नाही. तिच्यात काठी नीट फिरत नाही, शेण तळाशी बसतं. आणि एवढं एकदम लागतं कुठे? जीवामृत सावलीत ४८ तासांत तयार होतं आणि आठवड्याच्या आत वापरलेलं बरं. ते ओलिताच्या पाण्यासोबत द्यायचं, आणि ओलित तर पाळीपाळीनेच होतं. दोन-तीन टिपाडं आलटून पालटून लावली की पाच एकरांचं भागतं. वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बगिच्यातही एकराचा हिशेब हाच: ६ बाय ६ मीटरवर एकरी ११० च्या आसपास झाडं, म्हणजे २०० लिटरमधून झाडाला पावणेदोन लिटर येतं.

लहान भांड्यात जीवामृत होतच नाही, हेही खरं नाही. गच्चीवरच्या कुंड्यांसाठी ३० लिटरच्या बादलीत २० लिटर पाणी, किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ आणि तेवढंच बेसन पुरतं. फक्त लहान भांडं लवकर तापतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा बादली गच्चीवर नको, घराच्या सावलीच्या बाजूला हवी.

लोखंडी टिपाड आंबूस पाण्याने गंजतं. प्लॅस्टिकचं किंवा सिमेंटचं टाकं बरं. भंगारातून जुनं टिपाड आणताना आधी त्यात काय होतं ते विचारावं. कीटकनाशकाचं असेल तर कितीही धुतलं तरी नको. आणि जमिनीतल्या खोल टाक्यात गाळ काढायला थेट उतरू नये. तळाशी साचलेल्या वायूने माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरणाराही.