प्रभा अत्रे यांची 'कलावती': सरगम कशासाठी?

मंडळी, बुलढाणा जिल्ह्यात रागदारीशी आपली पहिली गाठ बहुधा भजनातच पडते. टाळकरी धृपद धरून ठेवतात, मुख्य गायक एकाच चरणावर आलाप घेतो, मध्येच सरगम म्हणतो आणि पुन्हा धृपदावर येतो. ख्यालाची बंदिश समजून घ्यायला एवढी ओळख आपल्याला पुरते.

आज आपण ऐकलेली 'तन मन धन' ही कलावती रागातली बंदिश जुन्या उस्तादांची नाही, बरं का. ती डॉ. प्रभा अत्रे यांची. १९३२ साली पुण्यात जन्मलेल्या प्रभाताई १३ जानेवारी २०२४ला गेल्या. म्हणजे ही आपल्याच काळातली रचना.

कलावती कर्नाटक संगीतातून उत्तरेत आला. तिकडे हेच स्वर 'वलची' नावानं गातात. सा, ग, प, ध आणि कोमल नि, एवढे पाचच स्वर. रिषभ आणि मध्यम वर्ज्य. त्यामुळे सा वरून थेट ग, ग वरून थेट प. चालीला आपसूक उड्या येतात.

आता सरगमकडे वळू. आकारात नुसता स्वर असतो, व्यंजन नसतं. सरगममध्ये प्रत्येक सुराला अक्षर मिळतं. ग, प, ध ही ठोस अक्षरं. ती एकतालाच्या बारा मात्रांत वेगानं आली, की तबल्याच्या बोलांसारखी वाजतात. एकाच वेळी सूरही आणि लयही! प्रभाताईंच्या गाण्यात सरगमची मौज येते ती इथून.

सरगमवर आक्षेपही होता. सुरांची नावं घेतली की भाव तुटतो, असं पुष्कळांना वाटे. किराणा घराण्यात अब्दुल करीम खाँ सरगम गात असत. त्यांचीच मुलं सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर, हे प्रभाताईंचे गुरू. शिवाय अमीर खाँच्या गायकीचा त्यांच्यावर प्रभाव होता. पण त्या नुसतं गाऊन थांबल्या नाहीत. डॉक्टरेटचा प्रबंधही त्यांनी सरगमवरच लिहिला. आक्षेपाला गळ्यानं आणि लेखणीनं, असं दुहेरी उत्तर दिलं.

आता आपल्या मुलांविषयी. खामगाव असो की मेहकर, मुलं मोबाईलवर ही बंदिश ऐकतात आणि त्यातली सरगम जशीच्या तशी पाठ करून स्पर्धेत म्हणतात. टाळ्याही पडतात. पण बघा, बंदिश म्हणून बांधलेला भाग स्थायी आणि अंतरा, इतकाच. पुढची सरगम ही त्या दिवशीची, त्या मैफलीतली. ती पाठ केली तर ध्वनिमुद्रण तेवढं पुन्हा ऐकू येतं, राग पुढे जात नाही.

तेव्हा शिकवणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच: स्थायी-अंतरा चोख बसवून घ्या, मग मोबाईल बाजूला ठेवून मुलाला पाचच सूर द्या. चार चुकीच्या जागा घेईल, पाचवी त्याची स्वतःची असेल. रचनाकार गेल्यावर बंदिश जिवंत राहते ती त्या पाचव्या जागेत.