स्वादुपिंडातील एक दुर्मीळ अर्बुद आणि ऊतिपरीक्षण

स्वादुपिंडाचा कर्करोग म्हटले की उतारवय, कावीळ आणि अल्प आयुष्य असे चित्र डोळ्यांसमोर येते. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते दुर्दैवाने खरेही ठरते. तथापि याच अवयवात क्वचित आढळणारे एक अर्बुद या चित्राला छेद देते. व्हर्जिनिया फ्रांट्झ या अमेरिकन विदुषीने १९५९ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे ते अनेक नावांनी ओळखले गेले. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने 'सॉलिड स्यूडोपॅपिलरी' ही संज्ञा स्थिर केली. सुमारे ९० टक्के रुग्ण स्त्रिया असून त्या बहुधा विशी-तिशीतल्या असतात.

'स्यूडोपॅपिलरी' म्हणजे आभासी अंकुरांचे. निदानाचे मर्म याच शब्दात आहे. या अर्बुदातील पेशी परस्परांना घट्ट धरून राहत नाहीत. सूक्ष्म रक्तवाहिन्यांलगतच्या पेशी तेवढ्या टिकतात, दूरच्या गळून पडतात. रक्तवाहिनीभोवती उरलेले पेशींचे वेष्टन अंकुरासारखे भासते. म्हणजे हे अंकुर वाढलेले नसून उरलेले असतात. गळालेल्या भागात रक्तस्राव होऊन पोकळ्या बनतात. केंद्रकांवरील खाचा, काचेसारखे गोलक आणि फेसाळ भक्षकपेशी ही आणखी काही लक्षणे होत.

अडचण येते ती सुईने काढलेल्या अत्यल्प नमुन्यात. तेथे हे अर्बुद अंतःस्रावी-चेतापेशीय अर्बुदासारखे दिसते, आणि सिनॅप्टोफायसिन हे रंजन दोहोंतही सकारात्मक येऊ शकते. क्रोमोग्रॅनिन मात्र येथे सहसा नकारात्मक असते. अधिक बोलकी साक्ष बीटा-कॅटेनिनची. हे प्रथिन एरवी पेशीपटलाशी असते; येथे त्याच्या जनुकातील उत्परिवर्तनामुळे त्याचे विघटन होत नाही व ते केंद्रकात साठते. ई-कॅडहेरिनही पटलावरून नाहीसे होते, आणि पेशींच्या सैलपणाशी त्याचा संबंध जोडला जातो. सीडी-१० व प्रोजेस्टेरॉनग्राही यांचाही आधार मिळतो. तरीही केवळ एका रंजनावर विसंबणे प्रस्तुत लेखकास अयोग्य वाटते, कारण बालवयातील पॅन्क्रियाटोब्लास्टोमातही बीटा-कॅटेनिन केंद्रकात आढळू शकते.

हा काटेकोरपणा निरर्थक नव्हे. अर्बुद शस्त्रक्रियेने संपूर्ण काढल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. यकृतात प्रसार झालेल्या काही रुग्णही दीर्घकाळ जगल्या आहेत. मात्र कोणते अर्बुद पसरेल हे ऊतिचित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच या सर्वांची गणना अल्पश्रेणीच्या मारक अर्बुदांत होते, आणि शस्त्रक्रियेनंतरही रुग्णेस अनेक वर्षे तपासणीस यावे लागते.