बांगडा शिजतो, हिस्टामिन नाही

जालन्याला समुद्र नाही, पण बांगडा मिळतो. मुंबईहून सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता तो बर्फात कापतो. इथला रोजचा मासा म्हणजे रोहू, कटला, मृगळ. समुद्राची मासळी अधूनमधूनच. त्यामुळे बांगडा खाऊन तासाभरात कुणाचा चेहरा लालबुंद झाला, अंगावर पित्त उठलं, डोकं ठणकलं, छाती धडधडली, की घरातच निकाल लागतो: ‘तुला समुद्राची मासळी चालत नाही.’

पुष्कळदा दोष खाणाऱ्याचा नसतो, माशाच्या प्रवासाचा असतो. बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. ते निरुपद्रवी. पण मासा मेल्यावर बर्फ कमी पडला, की कल्ल्यांतले आणि आतड्यातले जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. अॅलर्जीत शरीर स्वतः सोडतं तेच रसायन इथे ताटातून आयतं येतं, म्हणून लक्षणंही तीच. एकाच पातेल्यातलं कालवण खाऊन तिघाचौघांना पित्त उठलं, तर अॅलर्जीपेक्षा माशावर संशय घ्यावा.

हिस्टामिन उष्णतेला दाद देत नाही. उकळा, तळा, फ्रीजरमध्ये ठेवा, झालेलं हिस्टामिन तसंच राहतं. वासाचाही भरवसा नाही. जिभेला मिरमिरलं तर नशीब, तेवढी तरी सूचना मिळाली! खाऱ्या बांगड्याचीही तीच गत. मीठ लागण्याआधी तो किती वेळ उन्हात पडून होता, हे दुकानात कोण सांगणार?

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. पण नुसत्या हिस्टामिनपेक्षा बिघडलेला मासा जास्त बाधतो. त्याचं एक कारण असं मानतात, की मासा कुजताना पुट्रेसिन आणि कॅडाव्हरिनही तयार होतात. आतड्यात हिस्टामिन मोडणाऱ्या विकराला ही दोघं अडवतात, आणि एरवी तिथेच संपलं असतं ते रक्तात जातं.

क्षयरोगावरचं आयसोनायझिडही याच विकराला रोखतं. ताकद येण्यासाठी मासे खा, असा सल्ला नेमका याच रुग्णांना मिळतो. त्यांनी दुरून आलेल्या बांगड्यापेक्षा डोळ्यांदेखत कापलेला रोहू घ्यावा. बाकीच्यांचा त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो, अॅलर्जीच्या गोळीने लवकर. दम लागला किंवा चक्कर आली, तर मात्र तडक दवाखाना गाठावा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगावं.