पॉझिट्रॉन आणि मुंबई-नाशिक रस्ता

प्रतिद्रव्याचा सर्वांत नित्याचा उपयोग आज रुग्णालयांत होतो. नाशिकच्या इंदिरानगरातील एखाद्या रहिवाशाला कर्करोगाच्या शंकेवरून, किंवा चालू उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी, डॉक्टरांनी ‘पेट स्कॅन’ करून घेण्यास सांगितले, तर त्या तपासणीच्या वेळी त्याच्या शरीरात दर सेकंदाला कोट्यवधी प्रतिकण जन्मतात आणि जन्मताच नाहीसे होतात; या नाहीसे होण्यातूनच रोगाचा ठावठिकाणा कळतो. विज्ञानकथांनी प्रतिद्रव्याचे महत्त्व त्याच्या प्रचंड ऊर्जेत पाहिले, परंतु व्यवहारात ते महत्त्व मंदावलेल्या एकेका कणाने दिलेल्या नेमक्या खबरीत आहे. ही खबर फार काळ टिकत नसल्यामुळे ती कोणत्या शहरापर्यंत पोहोचेल हा प्रश्न भौतिकशास्त्राइतकाच रस्त्यांचा, अंतराचा आणि नियोजनाचाही आहे.

सिद्धांतापासून परळपर्यंत

निसर्गातील प्रत्येक विद्युतभारित मूलभूत कणाला तितक्याच वस्तुमानाचा, पण विरुद्ध विद्युतभाराचा एक जोडीदार असतो, त्याला प्रतिकण म्हणतात. अशा कणांनी बनलेले ते प्रतिद्रव्य. ऋणभारित इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण म्हणजे पॉझिट्रॉन. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये पुंज सिद्धांत आणि सापेक्षता यांचा मेळ घालणारे इलेक्ट्रॉनचे समीकरण मांडले, त्या समीकरणाच्या अर्थाचा पाठपुरावा करताना १९३१ मध्ये त्यांनी अशा कणाचे भाकीत केले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या अभ्यासात, बाष्पकोठीतील एका वळलेल्या रेषेच्या रूपाने, तो प्रत्यक्ष आढळला.

या नव्या कणाच्या वर्तनाचा पाया घालणाऱ्यांत मुंबईत जन्मलेल्या होमी भाभा यांचे नाव आहे. केंब्रिजमध्ये असताना, वयाच्या पंचविशीत, त्यांनी एक प्रश्न हाती घेतला: पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनजवळून जाताना किती प्रमाणात आणि कोणत्या कोनात विचलित होईल? दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर सारतात तेवढाच विचार येथे पुरेसा नव्हता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन ही जोडी क्षणभर नाहीशी होऊन पुन्हा जन्माला येण्याची शक्यताही हिशेबात धरावी लागते, हे भाभांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखवून दिले. ही प्रक्रिया आज जगभर ‘भाभा प्रकीर्णन’ म्हणून ओळखली जाते आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या यंत्रांत कणांच्या झोतांची तीव्रता मोजण्यासाठी तिचाच आधार घेतला जातो.

भाभांनी पुढे १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि १९५४ मध्ये ट्रॉम्बे येथील अणुऊर्जा केंद्र उभारले. हे केंद्र १९६७ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. याच केंद्राचा वैद्यकीय विभाग असलेले ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ १९६३ पासून मुंबईत परळला काम करीत आहे आणि तेथेच २००२ मध्ये देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारे यंत्र, कार्यान्वित झाला. पॉझिट्रॉनच्या वर्तनाचे गणित मांडणाऱ्या संशोधकाने उभारलेल्या संस्थेतूनच पॉझिट्रॉन देणारे औषध भारतात प्रथम तयार झाले, ही परंपरा महाराष्ट्राने अभिमानाने आणि समजून घेऊन जपावी अशी आहे.

मंदावलेल्या कणाचा शेवट

पॉझिट्रॉन मिळवण्यासाठी दरवेळी मोठे यंत्र लागते असे नाही. केळ्यात, बटाट्यात आणि माणसाच्या स्वतःच्या शरीरात असलेल्या पोटॅशियमचा अत्यल्प भाग किरणोत्सारी असतो, आणि त्याच्या लाखभर विघटनांतील एखाद्या विघटनातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. औषधासाठी मात्र तो ठरावीक ठिकाणी आणि पुरेशा संख्येने हवा असल्यामुळे ‘फ्ल्युओरीन-१८’ हे समस्थानिक तयार करावे लागते. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे, अणुकेंद्रातील न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेले रूप. सायक्लोट्रॉनमध्ये चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने वर्तुळाकार फिरवत प्रोटॉनना वेग दिला जातो, त्यांचा मारा जड ऑक्सिजन असलेल्या विशेष पाण्यावर केला जातो आणि त्या ऑक्सिजनचे फ्ल्युओरीन-१८ मध्ये रूपांतर होते. हे फ्ल्युओरीन ग्लुकोजसारख्या रेणूला जोडले की ‘एफडीजी’ हे औषध तयार होते.

वेगाने वाढणाऱ्या कर्कपेशी साखर अधिक प्रमाणात खेचून घेतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते. एफडीजी पेशीत साखरेसारखेच शिरते, तेथील रासायनिक प्रक्रियेची पहिली पायरीही पार करते, परंतु रेणूच्या बदललेल्या रचनेमुळे पुढच्या पायरीवर जाऊ शकत नाही आणि पेशीतच अडकून राहते. म्हणूनच तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहण्यास, रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यास आणि इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहण्यास सांगितले जाते. त्या वेळात चालण्या-बोलण्याने स्नायूंना काम पडले, तर तेही साखर ओढून घेतात आणि चित्र गढूळ होते. मेंदू नेहमीच साखर वापरतो आणि औषधाचा उरलेला भाग मूत्राशयात जमतो, त्यामुळे चित्रात उजळ दिसणारा प्रत्येक भाग रोगाचा नसतो. त्याचा अर्थ लावण्यासाठी जाणकार डॉक्टरच हवा.

अणुकेंद्रातून निघालेला पॉझिट्रॉन प्रथम वेगवान असतो. आसपासच्या अणूंशी टकरा देत तो सेकंदाच्या अब्जांशाच्याही लहान भागात आपली गती गमावतो आणि फ्ल्युओरीन-१८ च्या बाबतीत सरासरी एक मिलिमीटरहूनही कमी अंतरावर मंदावतो. त्यानंतर तो एखाद्या इलेक्ट्रॉनशी मिळून नाहीसा होतो, म्हणजेच त्याचे विलोपन होते, आणि दोघांच्या वस्तुमानाची ऊर्जा बहुधा दोन गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. प्रत्येक किरणाची ऊर्जा ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि दोन्ही किरण जवळजवळ नेमक्या विरुद्ध दिशांना जातात. ही नेमकेपणाची देणगी मंदपणातून येते, कारण जोडीला मुळात फारशी गती नसल्यामुळे एका किरणाने एका बाजूला नेलेला संवेग दुसऱ्याला विरुद्ध बाजूला भरून काढावा लागतो.

रुग्णाभोवती कड्यासारखे मांडलेले स्फटिक असे किरण शोषून प्रकाशाची ठिणगी देतात. समोरासमोरच्या दोन स्फटिकांत जवळजवळ एकाच क्षणी ठिणगी उमटली, तर त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी विलोपन घडले हे निश्चित होते, आणि अशा कोट्यवधी रेषा जेथे दाटीने छेदतात तेथे औषध साठले आहे, असा निष्कर्ष संगणक काढतो. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांशात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे आधुनिक यंत्रे दोन ठिणग्यांमधील अतिसूक्ष्म कालभेद मोजून त्या रेषेवरील जागाही काही सेंटिमीटरपर्यंत आवळून दाखवतात.

काही पॉझिट्रॉन नाहीसे होण्यापूर्वी इलेक्ट्रॉनसह ‘पॉझिट्रॉनियम’ नावाचा अल्पजीवी अणू बनवतात. मार्टिन डॉइच यांनी १९५१ मध्ये शोधलेल्या या अणूचे दोन प्रकार आहेत: दोन्ही कणांचे परिवलन परस्परविरुद्ध असलेला प्रकार सेकंदाच्या अब्जांशाच्या आठव्या हिश्शात संपतो, तर समांतर परिवलनाचा प्रकार निर्वात जागेत त्याच्या हजारपटीहून अधिक टिकतो. पदार्थात हा दुसरा प्रकार किती काळ टिकेल हे आजूबाजूच्या रेणूंमधील पोकळीवर अवलंबून असल्याने त्याचे आयुर्मान ऊतकाच्या अवस्थेविषयी काही सांगू शकते. पोलंडमधील क्राको येथील ‘जे-पेट’ गटाने २०२४ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूचे अशा आयुर्मानांवर आधारलेले चित्र प्रसिद्ध केले.

एकशे दहा मिनिटांचा हिशेब

फ्ल्युओरीन-१८ चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे ११० मिनिटे आहे. मुंबई आणि नाशिक यांच्यातील अंतर सुमारे १६५ ते १७० किलोमीटर असून मुंबई-आग्रा महामार्ग इंदिरानगराला लागूनच जातो. मुंबईत तयार झालेली एफडीजीची कुपी याच वाटेने आणताना तीन तास चाळीस मिनिटे लागली, तर वाटेत दोन अर्धायुष्ये सरतात आणि निघताना ४० असलेली मात्रा पोहोचेपर्यंत १० उरते. कसारा घाटात किंवा ठाण्याच्या कोंडीत गेलेला प्रत्येक तास म्हणजे त्या क्षणी उरलेल्या औषधाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग. कुपी रुग्णालयात आल्यावरही घड्याळ थांबत नाही. ठरलेल्या वेळेपेक्षा ५५ मिनिटे उशिरा येणाऱ्या रुग्णासाठी राखलेल्या मात्रेपैकी सुमारे ३० टक्के निघून गेलेली असते.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. हा प्रवास त्यामुळे पावणेतीन तासांवर आला, तर त्याच ४० च्या मात्रेतून १० ऐवजी १४ मात्रा हाती लागेल. रस्त्याची सुधारणा म्हणजे रुग्णालयाच्या साधनांतील सुधारणा, हे इतक्या स्पष्ट आकड्यांत दाखवणारे दुसरे औषध क्वचितच सापडेल.

धातू, कांदा आणि इंधनाची कल्पना

मंदावलेला पॉझिट्रॉन निर्जीव पदार्थांचीही परीक्षा घेतो. धातूच्या स्फटिकात एखादा अणू जागेवर नसेल, तर तेथे अणुकेंद्राचा धनभार कमी पडतो आणि धनभारित पॉझिट्रॉन त्या रिकाम्या जागेकडे ओढला जाऊन अडकतो. तेथे इलेक्ट्रॉनांची दाटी कमी असल्याने तो अधिक काळ जगतो. निर्दोष ॲल्युमिनियममध्ये त्याचे आयुर्मान सुमारे १६५ पिकोसेकंद असते, रिकाम्या जागेत ते सुमारे २४० पर्यंत जाते; एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा हजारावा भाग. सोडियम-२२ हे समस्थानिक पॉझिट्रॉनबरोबर जवळजवळ त्याच क्षणी आणखी एक गॅमा किरण देते, त्यामुळे मोजणीची सुरुवात त्या किरणाने आणि शेवट विलोपनाच्या किरणाने धरता येतो. सूक्ष्मदर्शकाला न दिसणारी धातूची झीज, बहुवारिकांमधील पोकळ्या आणि अर्धवाहकांतील दोष तपासण्याच्या या पद्धतीवर भाभा अणुसंशोधन केंद्रातही संशोधन झाले आहे. ओझरला विमाने बांधणाऱ्या नाशिक जिल्ह्यात धातूच्या थकव्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

जिल्ह्याचा अणुशास्त्राशी प्रत्यक्ष संबंध लासलगावला आहे. मुंबईत सायक्लोट्रॉन सुरू झाला त्याच २००२ मध्ये भाभा केंद्राने लासलगावच्या कांदा बाजारपेठेजवळ ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. तेथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याच्या अंकुरातील विभाजनक्षम पेशी निष्क्रिय केल्या जातात, त्यामुळे साठवणीत कोंब फुटत नाहीत. मात्र सडण्यावर हा उपाय नसल्याने कांदा नीट वाळवणे आणि हवेशीर ठेवणे आवश्यकच राहते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावरही २००७ पासून येथे प्रक्रिया झाली. या किरणांची ऊर्जा ११७३ आणि १३३२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण करण्यासाठी लागणाऱ्या १०२२ या मर्यादेपेक्षा ती थोडीच वर असल्याने अशी जोडी क्वचितच जन्मते, आणि कांद्याची अणुकेंद्रे बदलण्यास तर ती पुरेशी नसतेच. म्हणूनच विकिरणित कांदा किरणोत्सारी होत नाही.

इंधन म्हणून प्रतिद्रव्याची कल्पना मात्र हिशेबापुढे टिकत नाही. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम द्रव्याशी मिळून नाहीसे झाल्यास सुमारे पाच कोटी युनिट विजेइतकी ऊर्जा मिळेल हे खरे, परंतु ते तयार करण्यास त्याहून कितीतरी अधिक ऊर्जा खर्चावी लागते. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत, जिचा भारत २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे, प्रतिप्रोटॉनांचा वेग मुद्दाम कमी करून प्रतिहायड्रोजनचे अणू बनवले जातात आणि त्यांचे गुणधर्म तपासले जातात. ते अणूही पृथ्वीकडे खालीच पडतात, हे तेथील ‘अल्फा’ प्रयोगाने २०२३ मध्ये दाखवले. आजवर तेथे निर्माण झालेले सर्व प्रतिद्रव्य एकदम वापरले, तरी एक विजेचा दिवा काही मिनिटेच जळेल.

नाशिकपुढील प्रश्न

उपयुक्त प्रतिद्रव्य साठवून ठेवता येत नाही; ते रुग्णाच्या शरीरातच जन्माला यावे लागते, आणि म्हणून त्याचा उगम रुग्णाच्या जवळ असावा लागतो. जवळीक साधण्याचे तीन मार्ग आहेत: वेगवान आणि भरवशाची वाहतूक, मध्यम शहरांच्या टप्प्यात सायक्लोट्रॉन, आणि रुग्णालयात ठेवता येणारा जनित्र-संच. या संचात सुमारे २७१ दिवसांच्या अर्धायुष्याचे जर्मेनियम-६८ हळूहळू विघटित होत गॅलियम-६८ देत राहते. गॅलियमचे अर्धायुष्य जेमतेम ६८ मिनिटांचे असले, तरी ते गरजेच्या वेळी जागेवरच वेगळे करून औषधात वापरता येते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी आणि चेतासंप्रेरक पेशींच्या गाठींसाठी ही औषधे मोलाची आहेत, पण ती एफडीजीची जागा घेऊ शकत नाहीत, त्यामुळे पहिल्या दोन मार्गांची गरज संपत नाही.

भाभांच्या १९३६ च्या निबंधापासून परळच्या सायक्लोट्रॉनपर्यंत ६६ वर्षे गेली, आणि त्या काळात शुद्ध ज्ञानासाठी झालेले गणित, यंत्रविद्या, रसायनशास्त्र आणि वैद्यक यांपैकी एकही दुवा गळला असता, तर ही तपासणी रुग्णाच्या हाती आली नसती. मूलभूत संशोधनाला तात्काळ उपयोगाच्या मापाने मोजणे म्हणूनच अन्यायाचे आहे. आणि त्या संशोधनाचे फळ महानगराच्या हद्दीपाशी अडून राहणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे. आरोग्यसेवेचे नियोजन करताना खाटा आणि यंत्रे यांच्या संख्येबरोबर औषधाच्या उगमापासून रुग्णापर्यंतची मिनिटेही मोजली गेली, आणि ती यंत्रे चालवणारे भौतिकतज्ज्ञ व औषधतज्ज्ञ नाशिकच्याच महाविद्यालयांतून घडू लागले, तर पॉझिट्रॉनचा लाभ इंदिरानगराला आणि त्यापलीकडच्या पेठ-सुरगाण्यालाही परळइतकाच सहज मिळू शकेल.