कूलरचा पत्रा आणि जमिनीची वाट

वैशाख लागला की मंगरूळपीरला घरोघरी कूलर बाहेर निघतात. लोखंडी पत्रा, आत पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय! विजेचा धक्का बसावयास आणखी काय हवे? "पण आमच्याकडे फ्यूज आहे, अर्थिंगही आहे," असे आपण म्हणाल. तेवढ्याने भागते का, ते पाहू.

गावातल्या डीपीवर न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो. त्यामुळे फेजने निघालेल्या विजेला परतीच्या दोन वाटा असतात: एक न्यूट्रलची, दुसरी जमिनीची. फेजची तार झिजून पत्र्याला टेकली की वीज अर्थिंगमधून जमिनीत उतरते व डीपीकडे परतते. समजा, आपल्या अर्थिंगचा रोध १० ओहम आणि डीपीकडचा ५ ओहम आहे. आता २३० व्होल्टला १५ ने भागा. प्रवाह आला सुमारे १५ अँपिअर. १६ अँपिअरचा फ्यूज हूं की चूं करणार नाही, आणि पत्र्यावर मात्र दीडशे व्होल्ट उभे राहतील! त्यातून आपली काळी माती उन्हाळ्यात कोरडी होऊन भेगाळते. रोध आणखी वाढतो. म्हणजे कूलर ज्या दिवसांत लागतो, त्याच दिवसांत अर्थिंग दुबळे.

यावर उपाय आर.सी.सी.बी. या उपकरणाचा. एखाद्या चोख मुनिमासारखा तो फेजने गेलेल्या व न्यूट्रलने परतलेल्या विजेचा जमाखर्च ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरची तूट आली, की वीज जमिनीत गळते आहे हे ओळखून ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. ही तूट १६ अँपिअरच्या पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी आहे! मात्र एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर हिशेब जुळतो आणि तो गप्प राहतो. फ्यूजचे कामही तो करीत नाही, दोन्ही हवेत.

आता न्यूट्रलचे पथ्य. या उपकरणापुढे न्यूट्रल कोठेही अर्थिंगला किंवा शेजारच्या खोलीच्या न्यूट्रलला जोडू नये. नाहीतर मुनिमाची वही बिघडते. अर्थिंग नाही म्हणून कूलरचा पत्रा न्यूट्रललाच जोडण्याची युक्ती तर जिवावरची आहे. डीपीकडून येणारा न्यूट्रल तुटला, तर चालू दिव्यातून आलेली वीज थेट पत्र्यावर येते. मेन स्विचही फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा असावा. एकट्या न्यूट्रलवर फ्यूज कधीच नको. तो उडाला तर दिवा विझेल, पण तारेत वीज राहीलच.

तेव्हा उन्हाळ्यापूर्वी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, जाणत्या वायरमनकडून जोडण्या तपासून घ्या आणि दरमहा आर.सी.सी.बी.चे 'टेस्ट' बटण दाबा. खटका पडला नाही तर ते उपकरण त्याच दिवशी बदला. आणि कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढावयास विसरू नका!