वाटकी-व्यवहार

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरातले भांड्यांचे कपाट उघडून पाहिले, तर त्यात आपली नसलेली एखादी वाटी हमखास सापडते. काठाखाली गुजराती अक्षरांत कुणाचे तरी नाव कोरलेले असते. ती केव्हा आली, तिच्यात काय आले होते, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर आठवते. आणि समोरच्या घरात आपले आडनाव कोरलेला एखादा डबा असतो, तोही ती विसरलेली नसते.

या देवघेवीला गुजरातीत सुरेख नाव आहे: ‘वाटकी-वहेवार’. वाटकी म्हणजे लहान वाटी, वहेवार म्हणजे व्यवहार. दोन घरांचा घरोबा किती, हे सांगायला हा शब्द पुरतो. गायकवाडांच्या राजवटीबरोबर अठराव्या शतकात मराठी घरे इथे आली. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. घरे इथेच राहिली. दरबार गेला, तरी दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या ओट्यांवरून वाट्यांची ये-जा चालू राहिली. आज बोलायचे आहे ते त्या वाट्यांतल्या साध्या जिनसांबद्दल: मऊ भात, खिचडी, उकड.

दिवाळीच्या फराळाचे ताट आणि ही वाटी यांत मोठा फरक आहे. फराळाचे ताट ठरलेल्या दिवशी, रुमालाखाली झाकून, ठरलेल्या घरी जाते. त्यात मान असतो, थोडी चढाओढही असते. त्यांच्या चकलीपुढे आपली चकली उणी पडू नये, ही काळजी असते. वाटी मात्र अवेळी येते. “आज मुगाची खिचडी केली होती, गरम आहे तोवर घ्या थोडी,” एवढेच बोलणे. मुद्दाम काही केलेले नाही, घरच्या पातेल्यातलेच चार डाव इकडे आले आहेत, हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून घेणाऱ्यावर ओझे पडत नाही.

या व्यवहाराचा एकच नियम: वाटी रिकामी परत करायची नाही. घरात काही नसेल तर चमचाभर साखर घालावी. रिकामे भांडे देणे अशुभ, असे कारण सांगतात. त्याचा प्रत्यक्ष परिणाम असा, की हिशेब कधीच फिटत नाही. आज त्यांचे देणे, उद्या आपले. आणि येणे बाकी असले की जाणे-येणे थांबत नाही. या नियमाला एकच अपवाद. ज्या घरी मृत्यू झाला, तिथे चूल पेटत नाही. शेजारी पिठले-भात आणतात, गुजराती शेजारी खिचडी-कढी. त्या भांड्यांतून कुणी काही परत येण्याची वाट पाहत नाही.

साधा पदार्थ दोन घरांना किती लवकर जोडतो, हे उकडीवरून कळते. आपण लसूण, हिंग, मिरची, कढीपत्त्याची फोडणी करतो. एक वाटी तांदळाच्या पिठाला साधारण तीन-चार वाट्या पातळ ताक घेतो, त्यात पीठ गुठळी न होऊ देता कालवून फोडणीत ओततो, ढवळत शिजवतो आणि झाकण ठेवून वाफ आणतो. गुजराती घरात जिरे, हिरवी मिरची आणि पापडखार घालून पाणी उकळतात, त्यात तेच पीठ घोटून वाफवतात, वरून कच्चे तेल घालतात. त्याला ‘खीचुं’ म्हणतात. पापड करायच्या दिवशी लाट्यांआधी मुले त्यावरच तुटून पडतात. पीठ एक, वाफ एक. आपल्याकडे ताक आणि लसूण, त्यांच्याकडे खार आणि जिरे. पहिला घास घेतला की दोन्हीकडच्या आज्या एकच म्हणतात: हे तर आमच्याकडचेच!

असे पदार्थ वाटीतून निघून रस्त्यावरही जातात. बडोद्याची सेव-उसळ घ्या. पांढऱ्या वाटाण्याचा तिखट रस्सा, वर शेव, पातीचा कांदा, सोबत पाव. नावातच उसळ आपली आणि सेव त्यांची. आता ती कुणा एकाची राहिलेली नाही.

पाठवायचे कसे, यालाही थोडे शास्त्र आहे. तांदळातला स्टार्च निवताना घट्ट होतो, म्हणून खिचडी जेवायला लागते त्याहून थोडी सैल असतानाच वाटीत घालावी. परत गरम करताना त्यांनी गरम पाणी घालावे, हे सांगावे. वरण साधेच द्यावे. फोडणी ज्याच्या त्याच्या घरची. शिजलेला भात उन्हाळ्यात बाहेर राहिला तर लवकर बिघडतो. तेव्हा दुपारचे उरलेले संध्याकाळी देऊ नये. केल्याबरोबर, वाफ असतानाच द्यावे. आजाऱ्याच्या घरी मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू खमंग भाजून, हिंग, हळद, सुंठ, मेथी घालून दळलेले हे पीठ महिनोन्‌महिने टिकते. त्याची लहान बाटली सोबत दिली तर दुसऱ्या दिवशीचीही सोय होते. आणि शेजारी जैन असतील तर कांदा, लसूण, बटाटा नको, वाटी सूर्यास्ताच्या आत पोचली पाहिजे. त्यांच्याकडे आपली लसणाची उकड चालत नाही, जिऱ्याची चालते. शेजाऱ्याचे पथ्य माहीत असणे, हाच अर्धा व्यवहार आहे.

आता या व्यवहारात माझ्याकडून काय चुकले, तेही सांगतो. आमचे वडील गेले, तेव्हा समोरच्या बांनी सुतकाचे सगळे दिवस खिचडी-कढी पाठवली. शेवटची वाटी आमच्याकडे राहिली. ती रिकामी परत गेली तरी चालले असते. पण आई म्हणाली, “त्यांनी इतकं केलं. काहीतरी चांगलं करून पाठवू.” संक्रांत आली, गुळाच्या पोळ्या त्या वर्षी करायच्या नव्हत्या. होळीला पुरण घालायला आईला बरे नव्हते. मग आम्ही पोळ सोडून नव्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये आलो. दोन वर्षांनी मी बेसनाचे लाडू भरून वाटी घेऊन गेलो, तर दाराला कुलूप. बांना मुलाने आपल्या गावी नेले होते. शेवटचे वर्षभर त्या घरात एकट्याच होत्या, असे कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितले. आम्ही पुरणपोळीसाठी थांबलो. त्यांना जिऱ्याची वाटीभर उकड चालली असती, आणि ती घेऊन दारात आलेले माणूस.

हे सांगण्याचे कारण असे, की आपल्यापैकी पुष्कळजण आता तसेच थांबलेले आहेत. ओटे गेले, लिफ्ट आली. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. एकेका मजल्यावर एक-दोन म्हातारी माणसे दार लावून असतात, आणि जेवण बाहेरून मागवता येते. उपाशी कुणी नाही. पण बाहेरून आलेल्या डब्याला परत करायची वाटी नसते. आमच्या आईचे गुजराती या वाट्यांवर झाले. ‘जरा चाखी जुओ’ हे तिचे पहिले वाक्य. समोरच्या बांनी ‘वरण’ आणि ‘मेतकूट’ हे शब्द तिच्याकडून उचलले. हे शिक्षण फोनवर मागवलेल्या जेवणातून होत नाही.

‘पाहुण्याला देण्याजोगे’ काही झाले की मग दार ठोठावू, असे म्हटले तर ते दार उघडेपर्यंत थांबेलच असे नाही. खिचडी टाकतानाच मूठभर तांदूळ जास्त घ्यावेत. वाटी पाठवायला एवढे पुरते.

बांची ती वाटी आमच्याकडेच आहे. आता दर बुधवारी ती चौथ्या मजल्यावरच्या एका निवृत्त मास्तरांकडे जाते. ते एकटे आहेत, त्यांना स्वयंपाक येत नाही. गुरुवारी सकाळी ती धुऊन, पुसून, चमचाभर साखर घालून परत येते.